फाडायची राहिलेली पट्टी

प्रिय खारू,

हे पत्र आईच्या पिशवीतून तुझ्याकडे येतं आहे. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते लगेच फोडशील की उशीखाली सरकवून ठेवशील, याचा मला अंदाज नाही. गेल्या तीन वर्षांत आपण फोनवर बोललो ते सगळं हवापाण्याचं. तुमच्याकडे उकडतंय का, आमच्याकडे नळाला दाब नाही, गुडघा कसा आहे, बरा आहे. एवढं झालं की मी फोन आईकडे द्यायचो आणि तुझा आवाज लगेच मोकळा व्हायचा, तो मला दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा. म्हणून उगाच प्रस्तावना करत नाही. तुला मुलगी झाली, हे मला कळलं आहे. मंगळवारी सकाळी पावणेअकराला कळलं. मला ते कुणी सांगितलं नाही, आईनं तर नाहीच, तिच्यावर रागावू नकोस. आज शुक्रवार आहे आणि मी अजून त्या पावणेअकरामध्येच बसलो आहे असं वाटतं.

कसं कळलं ते सांगायला आमच्या खोलीपासून सुरुवात करावी लागेल. तू पहिलीत असताना वर्गात सांगून आली होतीस की माझे बाबा रक्त धुतात, आणि तुझ्या बाईंनी मला भेटायला बोलावलं होतं. तेव्हा मी रक्तपेढीत बाटल्या धुवायचो, त्यामुळे तुझं फारसं चुकलं नव्हतं. नंतर परीक्षा दिल्या, टेबल मिळालं, पांढरा कोट मिळाला. गेली सहा वर्षं मी नाळेच्या रक्ताच्या विभागात आहे, हे तुला माहीत आहे. पण तिथं दिवसभर नक्की काय करतो, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही.

पाच प्रसूतिगृहांतून रोज सकाळी निळ्या पेट्या येतात. प्रत्येक पेटीत तळहाताएवढी एक पिशवी आणि एक फॉर्म. बाळ जन्मलं, नाळ कापली, की बाळाचं काम झालं. पण वारेकडच्या बाजूला नाळेत थोडं रक्त उरतं. पूर्वी ते वारेबरोबर टाकून द्यायचे. आता ज्या आया होय म्हणतात त्यांच्या नाळेतलं रक्त सुई लावून पिशवीत घेतात. आमच्याकडे आल्यावर आधी पेशी मोजतात. त्यात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी भरपूर असल्या, तर पिशवी गोठवून ठेवतात. उद्या कुणाचं रक्तच बिघडलं तर त्याला देता येते. पण बहुतेक पिशव्या त्या आकड्यापर्यंत पोचत नाहीत. अशा कमी पडलेल्या पिशव्या माझ्या टेबलावर येतात. मी त्या हळू फिरवतो, मग लाल थर खाली बसतो आणि वर पिवळसर पाण्यात प्लेटलेट राहतात. त्या वेगळ्या करून गोठवायच्या. लागतील तेव्हा वितळवल्या की त्या फुटतात आणि त्यांच्या पोटातली ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं बाहेर पडतात. ही प्रथिनं पेशींना निरोप देतात की वाढा, जखम भरा. त्यात थोडं कॅल्शियम घातलं की काही मिनिटांत थलथलीत गोळा होतो. तो वरच्या मजल्यावर, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांवर लावतात. सगळ्यांना गुण येतो असं नाही. येतो त्यांनाही हळूहळू येतो. पण नऊ महिने वाढायला म्हणून देवानं बाळाबरोबर जी शिदोरी दिलेली असते, तिच्यातलं उरलेलं असं कुणाच्या तरी पायाला उपयोगी पडतं, हे मला फार बरं वाटायचं. पिशवी हातात घेतली की मी मनातल्या मनात हात जोडायचो. ज्याचं कुणाचं असेल ते सुखरूप असो, एवढंच म्हणायचो. ज्याचं कुणाचं असेल ते, कारण ते कोण हे आम्हांला कळता कामा नये, असा आमचा पहिला नियम आहे.

त्यासाठी फॉर्म दोन भागांत असतो. वरच्या भागात नंबर आणि प्रश्न, खालच्या पट्टीवर आईचं नाव आणि सही. ती पट्टी वॉर्डातच फाडायची आणि तिथल्या कपाटात कुलूपबंद ठेवायची. आमच्याकडे फक्त नंबर यायचा. सहा वर्षांत एकदाही वेगळं झालं नाही. पण यंदा नवीन छापून आलेल्या फॉर्मवर पट्टी फाडायची बारीक भोकांची ओळच नाही, त्यामुळे सिस्टर फूटपट्टी लावून पट्टी फाडतात. सोमवारी तुमच्या वॉर्डात अकरा बाळंतपणं झाली. सिस्टर दमल्या असतील, फूटपट्टी सापडली नसेल. त्यांनी अख्खा फॉर्म चौघडी घालून पेटीत टाकला.

पेशी मोजणारे फक्त पिशवीवरचा नंबर बघतात, फॉर्म माझ्याच टेबलावर उघडतो. मी तो नेहमीसारखा उलगडला आणि वरून वाचत गेलो. आईचं वय सव्वीस. यापूर्वीची बाळंतपणं, एक. हयात अपत्यं, शून्य. या ओळीशी मी जरा थांबलो, पण अशी ओळ महिन्यातून दोन-तीनदा येते आणि दर वेळी मी थांबतोच. बाळ मुलगी, वजन दोन किलो नऊशे, वेळ सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मग नजर खाली घसरली. तिथं पट्टी होती आणि पट्टीवर तुझं नाव होतं.

नाव एखाद्या दुसरीचंही असू शकतं, असं मी स्वतःला सांगितलं. आडनावासकट असू शकतं, मोठं शहर आहे. पण पुढे सही होती. तुला आठवतं, तू पाटीवर लिहायला शिकलीस तेव्हा आधी वरची आडवी रेघ ओढायचीस आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिला अक्षरं टांगायचीस. बाई रागवायच्या, अक्षरं आधी, रेघ नंतर. मी म्हणायचो, राहू दे, तिची दोरी आहे, तिचे कपडे आहेत. ती रेघ अजून तशीच आहे, अक्षरं संपली तरी पुढे दोन बोटं मोकळी राहिलेली. खारू, अशी सही या जगात दुसऱ्या कुणाची नाही.

धक्का बसला की माणूस ओरडतो किंवा खाली बसतो, असं मला वाटायचं. मला यातलं काहीच झालं नाही. मी पिशवी काट्यावर ठेवली, वजन वाचलं, लिहायला पेन उचललं आणि वजन विसरलो. पुन्हा ठेवली, पुन्हा विसरलो. असं तीनदा झालं. मग मी ती पिशवी दोन्ही हातांत घेऊन उभा राहिलो. या पिशव्या खोलीत जेवढी हवा गार असेल तेवढ्याच गार असतात. मला ती गरम लागली. तसं असणं शक्य नाही, हे मला कळतं. पुढे काय करायचं असतं, जे मी हजारदा केलं आहे, ते मला आठवेना. शेजारच्या टेबलावर आमचे एक सहकारी असतात, त्यांचं तोंड दिवसभर चालू असतं म्हणून आम्ही त्यांना रेडिओ म्हणतो. मी जरा उपदेश करतो म्हणून ते मला गुरुजी म्हणतात. ते म्हणाले, "गुरुजी, पिशवी आहे ती, पाळण्यातलं पोर नव्हे. किती वेळ हातात धरून उभे राहणार?" मी म्हटलं, "वजन बघतोय." ते म्हणाले, "हातानं? मग काटा कशाला घेतलाय खात्यानं, मिरच्या मोजायला?" मी हसलो. माझ्या हसण्याचा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसलो आणि विचार करू लागलो, म्हणजे विचार करतो आहे असं मला वाटत होतं. माझी मुलगी नऊ महिने पोटुशी होती आणि मला माहीत नव्हतं. माझी नात सोमवारी जन्मली आणि मी मंगळवारी सकाळी आंघोळ करून, देवाला फूल वाहून, कोरा चहा पिऊन कामावर आलो, मला माहीत नव्हतं. बसमध्ये मी एका बाईच्या कडेवरच्या बाळाला जागा दिली होती. तेव्हा माझी नात एक दिवसाची होती. हे सगळं एका कागदानं मला सांगितलं, आणि तोही फाडायचा राहिला म्हणून. राग आला का, असं तू विचारशील. खरं सांगतो, तेव्हा रागाला जागाच नव्हती. अंगणातल्या विहिरीत वाकून बघावं आणि पाणी दिसूच नये, तसं काहीतरी झालं होतं.

मग कामाचा विचार आला, कारण हात रिकामे ठेवायची मला सवय नाही. नियम असा की पिशवी कुणाची हे टेबलावरच्या माणसाला कळलं, तर ताबडतोब वर सांगायचं. सांगितलं की पिशवी अडकणार, बहुधा फेकली जाणार. न सांगता मी ती पट्टी फाडून कचऱ्यात टाकली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. दोन मिनिटांचं काम. तू दिलेलं वाया गेलं नसतं. मी कात्री उचललीसुद्धा. आणि कात्री हातात असताना मनात जे वाक्य आलं ते असं होतं: तिच्या भल्यासाठीच करतोय.

खारू, हे वाक्य मी याआधी एकदा मोठ्यानं म्हटलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी, त्या दिवशी तुझं तातडीनं ऑपरेशन झालं आणि बाळ गेलेलं निघालं. तू गुंगीत होतीस. जावईबापू साइटवर होते, यायला दीड दिवस लागणार होता. ते फोनवर रडत होते आणि म्हणाले, बाबा, तुम्हीच बघा काय ते. तुझी आई बाकावर भिंतीला डोकं टेकून बसली होती. सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी अगदी हळू विचारलं, "आईला शुद्धीवर आल्यावर दाखवायचं ना? काही तास ठेवता येईल." मी म्हटलं, नको. तिनं बघितलं तर ती कधीच सावरणार नाही. तिच्या भल्यासाठीच सांगतोय. सिस्टर म्हणाल्या, "काका, एकदा तिला विचारू या का?" मी म्हटलं, "मी तिचा बाप आहे." आणि पुढे केलेल्या कागदावर सही केली.

तू शुद्धीवर आलीस तेव्हा सगळं आटपलं होतं. तू विचारलंस, बाळ कुठे आहे. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, देवाची इच्छा. दहा दिवसांनी, घरी, औषधाची गोळी हातात घेऊन तू मला म्हणालीस, "बाबा, नाव तुम्ही देवाचं घेतलंत. सही तुमची होती." त्यानंतर तू मला कधीच काही विचारलं नाहीस. मी वाट बघत राहिलो की तू एक दिवस समजून घेशील. मी रोज देवासमोर बसून तुझ्यासाठी मागायचो की हिला समजू दे. समजायचं मला होतं, हे मला स्टुलावर बसून, हातात कात्री घेऊन, एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. देवानं उत्तर दिलं नाही असं मी म्हणणार नाही. मी प्रश्न चुकीच्या माणसासाठी विचारत होतो.

मी कात्री ठेवली आणि अख्खा फॉर्म घेऊन आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत गेलो. आमच्या मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत आणि कमी बोलतात. मी पट्टी दाखवली आणि सांगितलं, ही माझी मुलगी. त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाल्या, "बसा, पाणी प्या. आणि आता मला सांगा, आजोबा झालात म्हणून अभिनंदन करू की नियम मोडला म्हणून अहवाल लिहू?" मी म्हटलं, दोन्ही करा. त्यांनी दोन्ही केलं. हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि मग कॉम्प्युटर पुढे ओढून अहवाल लिहिला. लिहिताना मधेच थांबून म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, नाही. त्या पुन्हा लिहायला लागल्या. त्या सिस्टरला फार बोलू नका, अकरा बाळंतपणं होती, एवढं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बोलणार छापखान्याला."

पिशवीचं काय ते ऐक. पेशी कमी भरल्या, म्हणून ती गोठवून साठवण्यात गेली नाही. म्हणजे मलम होण्याच्या वाटेवर आहे. रेडिओंनी तिच्यातल्या प्लेटलेट वेगळ्या करून गोठवल्या आणि तिच्यावर 'थांबवा' असं लाल लेबल लावलं. त्यांना फक्त नंबर माहीत आहे. ते विचारत होते, "गुरुजी, तुमच्या टेबलची पिशवी माझ्याकडे कशी? रुसलात की काय तिच्यावर?" मी म्हटलं, डोळे दुखताहेत. मॅडम तुला सोमवारी फोन करतील. तुझं नाव आमच्यातल्या एकाला कळलं आणि तो एक म्हणजे तुझे वडील, हे तुला रीतसर सांगणं त्यांना भाग आहे. त्यानंतर एक नवा फॉर्म येईल. वापरा म्हणायचं की टाकून द्या म्हणायचं, ते तू ठरवायचं. तो फॉर्म थेट मॅडमकडे जाईल. तू काय लिहिलंस ते मला कळणार नाही, तशी व्यवस्था मीच मागून घेतली आहे. मी त्यांना विचारलं, मी मुलीला पत्र लिहू का. त्या म्हणाल्या, "बाप म्हणून खुशाल लिहा. खात्याच्या वतीनं एक ओळ लिहू नका. आणि होय म्हण, असं सुचवूसुद्धा नका." म्हणून वरच्या वॉर्डातल्या एका शिंपीणबाईंच्या घोट्याची गोष्ट मी तुला सांगायला घेतली होती, ती वरच्या एका पानावरून खोडून टाकली. पान नवं घेतलं. तेवढं मला आता जमतं.

एक मात्र मनातून जात नाही. तुला माहीत होतं की या पिशव्या आमच्याकडे येतात. होय म्हणताना तुझ्या मनात काय होतं? ती माझ्या टेबलावर येईल, माझे हात तिला लागतील आणि मला कळणार नाही, असं काही होतं का? की मी तिथं आहे हे तुझ्या लक्षातही नव्हतं, दमली होतीस आणि सिस्टरनी पुढे केलेल्या कागदावर सही केलीस? याचं उत्तर मागत नाही. विचारल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिलं.

मंगळवारी मी पाचलाच घरी आलो. नियम नियम आहे, घरातही बोलायचं नाही असं ठरवून आलो. आई गॅलरीत कपडे काढत होती आणि गुणगुणत होती. दोरीवर पांढऱ्या सुती कापडाचे चौकोनी तुकडे होते, कडा शिवलेले. असे तुकडे मी गेले दोन महिने बघत होतो. मी मागे विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, फडकी आहेत, ओटा पुसायला. त्या दिवशी मी एक हातात घेतला. गालाला लावला तरी कळणार नाही इतका मऊ होता. मी म्हटलं, "आपला ओटा फार नाजूक झालाय वाटतं." ती गुणगुणायची थांबली. माझ्याकडे बघितलं, खांद्यावरचे कपडे खाली ठेवले आणि म्हणाली, "कळलं तर." मी म्हटलं, मी काही सांगणार नाही, मला सांगता येत नाही. ती म्हणाली, "सांगायला उरलंय काय? तोंड बघा आरशात." तर नियम मी मोडला नाही, तिनंच माझं तोंड वाचलं.

दर गुरुवारी मावशीकडे म्हणून ती कुठे जायची, ते मग कळलं. मावशीला माहीत होतं, मावशीच्या सुनेला माहीत होतं, आपल्या खालच्या मजल्यावरच्या मास्तरणीलासुद्धा माहीत होतं, तिनं म्हणे टोपडं विणून दिलं. ती मला रोज जिन्यात भेटते आणि काय म्हणता, बरं आहे ना, असं विचारते. इमारतीत बहुधा मी आणि पाण्याची टाकी, एवढे दोघेच उरलो होतो. मी आईला विचारलं, का. मला खरंच समजून घ्यायचं होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "ती म्हणाली, बाबांना कळलं की ते आधी देवापाशी बसतील, आणि मग उठून सगळं ठरवतील. कुठला डॉक्टर, कुठलं हॉस्पिटल, काय खायचं, कुणी बघायचं, कुणी नाही. मला या वेळी घाबरायचं असलं तरी माझं मी घाबरायचंय." मी म्हटलं, "आणि तू काय म्हणालीस?" ती म्हणाली, "मी काय म्हणणार? त्या दिवशी बाकावर मीही बसले होते. मलाही कुणी विचारलं नव्हतं."

खारू, मंगळवारपासून मला एवढे धक्के बसले, पण हा सगळ्यात मोठा. तीन वर्षं मी या बाईच्या समोर बसून जेवतो आहे. तीही आजी होती, तिचाही नातू होता, तिलाही बघायचं होतं. तिनं एकदाही म्हटलं नाही. मी न विचारलेल्या दोघीजणी होत्या आणि मला तर एकही दिसली नव्हती. मी तिच्याबरोबर घड्या घालू लागलो. तिनं मला दोन तुकडे पुन्हा घालायला लावले, कोपरे जुळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला सांगितलं की दोघी सुखरूप आहात, टाके दुखताहेत पण तू जेवते आहेस, आणि बाळ रडतं तेव्हा खालचा ओठ आधी थरथरतो. एवढंच सांगायची तुझी परवानगी आहे, असंही सांगितलं. म्हणजे तू परवानगी दिलीस. मी त्यापुढे काही विचारलं नाही. बघायला येऊ का, हेही विचारत नाही. तू बोलावलंस तर येईन, दारात उभं राहायला सांगितलंस तर दारातून बघेन. नाही बोलावलंस तर आई येत जाईल आणि मी कोपरे जुळवत जाईन.

पिशवीचं तुला मॅडमनीच सांगितलं असतं, आणि मला कळलं आहे हे आईच्या तोंडून कळलं असतं. तेवढ्यासाठी पत्राची गरज नव्हती. मी लिहायला बसलो ते वेगळ्या कारणानं. तुझं एक माझ्याकडे राहिलं आहे. त्या दिवशी सही केल्यावर सिस्टरनी त्याला माझ्या हातात दिलं होतं. पॅसेजच्या टोकापर्यंत मीच त्याला नेलं, आणि तिथल्या खोलीत अर्धा तास मी त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तिला आज पत्र बंद करण्याआधी एवढा भाग वाचून दाखवणार आहे. तुला बघू दिलं नाही आणि मी मात्र पोटभर बघितलं. तर तो असा होता. केस दाट, ओले, मानेपर्यंत आलेले. रंग आईसारखा. कान तुझे, डाव्या पाळीला तुझ्यासारखीच चिमटी. भुवया जेमतेम होत्या, पण मधे एक आठी होती, गणित अडल्यासारखी. नखं वाढलेली. उजव्या हाताची मूठ मिटलेली, अंगठा आत. मी ती उघडायचा प्रयत्न केला नाही. पावलं फार मोठी होती, ती जावईबापूंची. चेहऱ्यावर कुठेही त्रास नव्हता, हे मी तुला धीर द्यायला म्हणत नाही, मी नीट बघितलं होतं. वजन दोन किलो सहाशे. अंगाला निळी किनार असलेलं पांढरं दुपटं होतं, ते मी बदललं नाही, तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मावशीच्या यजमानांनी त्याला नेलं. जागा शहराच्या उत्तरेला, जुन्या जलशुद्धीकरण केंद्राच्या मागे आहे. फाटकातून आत गेलं की उजवीकडे तिसरी ओळ, भिंतीपासून पाचवी जागा, पायाशी करड्या रंगाचा एक चपटा दगड. महिन्यातून एकदा मी तिथलं गवत काढतो. या पानाच्या मागे मी नकाशा काढला आहे, बस कुठली, उतरायचं कुठे, फाटक किती ते किती उघडं असतं, सगळं लिहिलं आहे. तुला जायचं असेल तेव्हा जा, ज्यांना न्यायचं असेल त्यांना घेऊन जा. वाट चुकण्यासारखी नाही. मी बरोबर नसलो तरी सापडेल, असाच नकाशा काढला आहे.

तुझ्या निरोपाची घाई नसलेला, तुझाच
बाबा